मितेशच्या गाडीचा प्लग

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मला कुणाची मनधरणी करायची नाही. भिवंडी, कामतघर. गेल्या फेब्रुवारीतला शुक्रवार, भर दुपार. सुट्टीमुळे कापडाचे लूम बंद. एरवी जिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं त्या दिवशी माशी घोंगावली तरी कळत होतं.

माझा मामा केसरीनाथ मोटारसायकलचा मेकॅनिक. प्लग काढून पाहिला की इंजिनाची कुंडली सांगणार. तपकिरी असला तर ठीक. काळा, तर पेट्रोल जास्त. पांढराफटक, तर इंजिन तापून मरणार. हे ज्याला कळत नाही तो मामाच्या मते गाढव. म्हणजे सगळी भिवंडी.

सगळ्यात मोठं गाढव त्याचा मुलगा मितेश.

"कोपऱ्यापर्यंत जोरात आन," कल्याणला निघालेल्या मितेशला मामाने सकाळीच बजावलं होतं. "मग क्लच दाब, इंजिन बंद कर, नि तशीच घरंगळत ये. रेंगाळत आनलीस तर प्लग काळा दिसतो. डोक्यात शिरलं, का भुसाच हाय?"

दुपारी गाडी घरंगळत आली.

पण त्याआधी... इंजिनाचा आवाजच आला नव्हता.

मामाने तिकडं लक्ष दिलं नाही. पोरगं एकदाचं सांगितल्यासारखं वागलं, यातच तो खूश. मितेशने गाडी स्टँडला लावली आणि हेल्मेट न काढताच मागच्या खोलीत गेला.

भाजू नये म्हणून मामाने फडकं गुंडाळून प्लग काढला.

प्लग... थंडगार होता.

टोकातून पाणी ठिबकत होतं. मामाने हुंगलं. खाडीचा वास.

"खाडीत बुडवून आनलीस काय रं?" मामा ओरडला. "बापाचं नाव घालवनार तू. शेळ्या राखायच्या लायकीचा."



तेवढ्यात मामाचा मोबाइल वाजला. मितेशचा फोन.

"पप्पा, मी अजून कल्याणातच हाय. आता निघतो. खाडीचा पूल उतरलो की आलोच."

मामाने मागच्या खोलीत डोकावलं. त्या खोलीला दुसरं दार नाही.

आत... कुणीच नव्हतं.

वळला, तर गाडीही नव्हती. हातात तेवढा प्लग.

जन्मात कुणापुढं हात न जोडलेला माणूस फोनवर रडकुंडीला आला. "मितेश, बाला, गाडी तिथंच ठेव. रिक्षाने ये. पाया पडतो तुझ्या."

मितेश रिक्षाने आला, धुसफुसत. दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून आणली. मामाने प्लगची टोपी काढली.

खाली भोक... रिकामं.

"रात्री चोरला असंल कुनीतरी," मितेश हसला. "म्हातारा एका प्लगला घाबरला." नवा प्लग टाकून तो आजही त्याच पुलावरून येतो-जातो. बापाचं ऐकत नाही. कसा ऐकेल? दुसऱ्याला गाढव समजायचं बाळकडू घरातच मिळालंय.

मामा हल्ली काम टाकून रस्त्याकडं कान लावून बसतो. इंजिनाचा आवाज आला की त्याचा जीव भांड्यात पडतो.

परवा मी म्हटलं, "मामा, एवढी भीती वाटते तर विकून टाक ना ती गाडी."

मामाने फडक्याला हात पुसले.

"इकू?" तो म्हणाला. "कोनाच्या पोराला देऊ?"