तीन वळणं अलीकडून

गाडीचा सायलेन्सर भर चौकात गळून पडला आणि मला पत्ताच नव्हता. मला वाटलं, गाडीत अचानक जोर आलाय.

चाळीस वर्षांची, दोन दारांची, सायीच्या रंगाची छोटी गाडी. मावशीने तिच्या निवृत्तीनंतर मला दिलेली. दादा तिला 'डबी' म्हणतो. एरवी डबी शिंक दाबल्यासारखी चालायची. त्या दिवशी डरकाळ्या फोडत निघाली. फुटपाथवरची माणसं थांबून बघायला लागली. मी ग्रंथालयात काम करते. माझ्याकडे आजवर कुणी वळून बघितलेलं नाही. मी मान ताठ केली आणि दोन चौक तशीच गेले.

तिसऱ्या चौकात लाल दिवा लागला, आणि खिडकीवर टकटक झाली. बाहेर सायकलवर एक तरुण, धापा टाकत. खांद्यावर जाड फडक्यात गुंडाळलेली लांबलचक गंजकी नळी.

"तुमचं शेपूट," तो म्हणाला.

"माझं नाही."

"दोन चौक रस्ताभर गंज सांडलाय. त्या मागावरच आलो."

मी नळीकडे बघितलं. फडक्यातून धूर येत होता.

"गरम नाहीये ते?"

"आहे ना. म्हणून म्हटलं, लवकर ठरवा."

त्याचं दुकान पुढच्याच गल्लीत होतं. पाटीवर 'सायलेन्सरतज्ज्ञ' आणि खाली बारीक अक्षरात 'इतर कामे विचारू नयेत'. मी त्याला मनातल्या मनात तज्ज्ञच म्हणायला लागले, आणि तो मला 'ओ ग्रंथपाल'. मी तेव्हा सहायक ग्रंथपाल होते. पण बढती कुणी देत असेल तर हरकत घेऊ नये.

मी त्याला माझी अडचण सांगितली. बरोबर बावीस दिवसांनी, एक तारखेला, मला दूर डोंगरातल्या एका गावात रुजू व्हायचं होतं. फिरतं वाचनालय. पुस्तकांची खोकी गाडीत घालायची आणि वाडीवाडीला जायचं. त्या जागेसाठी दोनच अर्ज होते. दुसऱ्या उमेदवाराकडे माझ्यापेक्षा तीन पदव्या जास्त होत्या, पण अट होती स्वतःच्या चारचाकीची, तीही तपासणीत पास झालेल्या. त्याच्याकडे पदव्या होत्या, माझ्याकडे डबी. आणि आता डबीला मागचा भाग नव्हता.

"घरचे काय म्हणतात?" तज्ज्ञाने विचारलं. सायलेन्सरशी याचा काय संबंध, ते मी विचारलं नाही.

"दादा म्हणाला, ही डबी घाट चढली तर मी मिशी काढीन. आई म्हणाली, आधी येऊ तर दे."

तो हसला नाही. फक्त हातातलं फडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं… पण डोळे हसले, ते मी बघितलं.

"मग? साधा बसवू, की आवाजाचा?"

"सांगते. तिथली घरं लांब-लांब आहेत. हॉर्न वाजवून उपयोग नाही, तो सगळेच वाजवतात. मला असा आवाज हवाय की तीन वळणं अलीकडून लोकांना कळावं—पुस्तकं आली. पण पाळण्यातलं पोर उठता कामा नये. आणि तपासणीतही पास व्हायला हवा."

त्याने मोडकी नळी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाला, "लोक येतात, म्हणतात मोठा द्या. नाहीतर म्हणतात आवाजच नको. वर्णन करून कुणी मागितला नव्हता."

"नाही जमणार?"

"असं म्हणालो का मी?"

त्याची एक पद्धत होती. नळी आधी वेल्डिंगच्या दोन कच्च्या टाक्यांवर लावायची, गाडी गावाबाहेरच्या रस्त्यावर न्यायची, आणि गिऱ्हाइकाने चालवता चालवता नेहमीच्या आवाजात बोलत राहायचं. तज्ज्ञ शेजारी बसणार. त्याला तीनदा "काय?" म्हणावं लागलं, की ती नळी बाद.

"हा काय नियम?"

"आबांचा आहे." आबा म्हणजे त्याचे वडील, आत लेथ यंत्रावर बसलेले असत आणि फक्त मान हलवत. "आबा आणि आई अकरा वर्षं एका खणखणाटी गाडीतून हिंडले. आबांना वाटायचं, आई रागावलीय. आईला वाटायचं, आबा रागावलेत. सायलेन्सर बदलला तेव्हा कळलं, दोघंही पंख्याला तेल घालायचं म्हणत होते."

आतून आबांची मान हलली.

पहिली नळी जुन्या मापाची, साध्या पोलादाची. डबी पुन्हा शिंक दाबायला लागली. मी बोलायला सुरुवात केली. आठ तास जिथे कुजबुज म्हणजे गोंगाट, तिथे माझा नेहमीचा आवाज घडलेला. दुसऱ्या किलोमीटरच्या आत तीन "काय?" झाले.

"अहो, गाडीचा आवाज तर येतच नाहीये."

"तुमचाही येत नाहीये."

बाद.

दुसरी नळी न गंजणाऱ्या स्टीलची, एकच, किंचित रुंद, शेवटी वीतभर लांबीचा डबा. तिचा आवाज… कसा सांगू? कुणीतरी शेजारच्या खोलीत घशातल्या घशात हसतंय तसा. मोठा नव्हे, पण दुसऱ्या कुणाचा वाटणार नाही असा. त्या दिवशी हलका पाऊस होता, काचा वर होत्या, आणि तो डॅशबोर्डवर तळहात टेकवून नळीची थरथर बघत होता. मला खूप बोलता आलं. मावशीबद्दल, नोकरीबद्दल. आणि कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट—की मला उताराची भीती वाटते. सारखं डोळ्यांसमोर येतं—गाडी लावून मी पुस्तकं द्यायला उतरले, पुस्तकं दिली, मागे वळून बघितलं… आणि गाडी नाही. ती एकटीच दरीकडे निघालेली.

"काय?" तो म्हणाला.

तिसरं 'काय?'. बाद. मला वाईट वाटलं. नळीचं, असं मी स्वतःला सांगितलं.

तिसरीला मागे दोन तोंडं होती.

"एवढ्याशा इंजिनाला दोन नळ्या म्हणजे उंदराला दोन सोंडा," तो म्हणाला. "पण बघायला हवं."

पुलाच्या चढावर, पुस्तकांची चार खोकी मागे ठेवून, आम्ही बघितलं. आवाज शर्यतीच्या गाडीचा. एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं. त्याने वळूनही बघितलं नाही, इतकं त्याला त्यात विशेष वाटलं नाही.

चौथ्या नळीने बरोबर पंचावन्नच्या वेगाला दात वाजायचे. छप्पन्नला थांबायचे.

"तुम्ही छप्पन्नने जा."

"घाटात?"

"नाही," तो म्हणाला. "घाटात तुम्ही सावकाश जा." आणि हे वाक्य त्याने सायलेन्सरतज्ज्ञाच्या आवाजात म्हटलं नाही.

पाचवी नळी त्याने स्वतः वाकवून केली. तीही बाद. एव्हाना मी रोज संध्याकाळी सहाला ग्रंथालयाची कुलपं लावून थेट गल्लीत पोचायचे, आणि दारातली जागा आधीच रिकामी ठेवलेली असायची. बावीसचे पाच दिवस राहिले. आई म्हणाली, "एवढ्या नळ्या तर अख्ख्या गावाच्या पाण्याला लागत नाहीत." मी म्हटलं, शुक्रवारी तपासणी आहे, शुक्रवारपर्यंत होणारच. ते मी आईला सांगत होते, की स्वतःला… पण नोकरी सोडणार नव्हते, एवढं पक्कं होतं. सगळं ठरल्याप्रमाणे होणार होतं. फक्त आणखी एखादी नळी बघायला काय हरकत होती?

गुरुवारी मी खोकी ठेवायला डिकी उघडली. आत लाकडाचे दोन ठोकळे होते. चाकाखाली लावायचे, तिरके कापलेले, कडा घासून गुळगुळीत केलेले. दोन्हींना मिळून एक दोरी, म्हणजे वाकायला नको. गाडी निघताना ओढून घ्यायचे.

"हे कशाला?"

तो जॅकखाली होता. तिथूनच म्हणाला, "उतारावर लावायला. नाहीतर तुम्ही पुस्तकं द्यायला उतरणार, आणि मागे वळून…"

जॅकखालचा पाना थांबला. लेथही थांबला.

"बाहेर या," मी म्हणाले.

तो बाहेर आला. नाकावर काजळी.

"हे मी दुसऱ्या नळीच्या वेळी सांगितलं होतं. पाऊस होता. मंगळवार. त्या वाक्याला तुम्ही 'काय?' म्हणालात."

"म्हणालो असेन."

"ग्रंथपालाशी खोटं बोलू नका. आम्ही नोंद ठेवतो."

त्याने फडक्याने हात पुसले. मग पुन्हा पुसले. मग फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक नळी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. दुसरी नळी. तिच्यावर चिठ्ठी होती: 'डबी. शुक्रवारी सकाळी बसवणे. नक्की.'

"हीच बरोबर होती," तो म्हणाला. "त्या दिवशीच कळलं होतं. सगळं ऐकू आलं मला… पंख्यावरची धूळसुद्धा ऐकू आली असती. पण बसवली असती तर चाळीस मिनिटांत काम संपलं असतं. आणि तुम्ही गेला असता."

"माझी नोकरी आहे ही. एक तारीख चुकली असती तर?"

"चुकू दिली नसती. चिठ्ठी बघा ना."

मी चिठ्ठी बघितली. 'नक्की'खाली दोन रेघा होत्या. मला खूप राग यायला हवा होता. मी शोधला, थोडा सापडला, पण तो पुरेसा नव्हता. कारण आता मलाही बोलावं लागणार होतं.

"तिसऱ्या नळीपासून मी मुद्दाम हळू बोलत होते," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"कसं?"

"चौथीच्या वेळी तुम्ही नुसतं एक ते शंभर मोजत होता. ब्याऐंशी दोनदा म्हणालात."

आबा आतून उठले, आमच्यामधून चालत गेले आणि रस्त्यावर जाऊन, तिथे काही नसताना, काहीतरी बघत उभे राहिले.

"ऐका," मी म्हणाले. "मी जाणार आहे. शनिवारी सकाळी. यात बदल नाही."

"बदल कुणी मागितलाय? तू गेली नाहीस तर ही नळी कुणाला लावू? उंदराला?"

तो तू म्हणाला, हे त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

"आवडतोस तू मला," मी म्हणाले. नेहमीच्या आवाजात. "आता बसव."

त्याने बसवली. चाळीस मिनिटांच्या कामाला दीड तास लागला. रबराची एक कडी त्याने दोनदा उलटी लावली. तज्ज्ञ असून.

शुक्रवारी डबी तपासणीत पास झाली. शनिवारी ती घाट चढली, दोन थांबे घेऊन, आणि दादाने फोनवर विषय बदलला. सोमवारी, एक तारखेला, मी सही करून रुजू झाले.

पहिल्या फेरीला सगळीकडे दारं बंद. दुसऱ्या फेरीला तीन वाड्यांत माणसं बाहेर. तिसऱ्या बुधवारी मी शेवटच्या थांब्याच्या वळणावर पोचले, तर रांग आधीच लागलेली: निवृत्त पोस्टमन, एकाच कादंबरीवरून भांडणाऱ्या दोन बहिणी, पिठाचे हात तसेच घेऊन आलेल्या एक काकू. आणि काकूंच्या मागे तज्ज्ञ. हातात पिशवी, बसच्या प्रवासाने केस उभे.

मी ठोकळे लावले. खोकी उघडली. पोस्टमनना, बहिणींना, काकूंना पुस्तकं दिली. घाई केली नाही. म्हणजे प्रयत्न केला.

"सभासद व्हायचंय," तो म्हणाला.

"आमच्या हद्दीत राहणाऱ्यांनाच होता येतं."

"अर्ज तर द्याल?"

मी पेन्सिल आणि अर्ज दिला. डबीच्या बॉनेटवर ठेवून त्याने तो भरला. नावाच्या रकान्यात नाव. आबांनी ठेवलेलं, भारदस्त, त्याला अजिबात न शोभणारं. व्यवसाय: सायलेन्सरतज्ज्ञ. मग अर्ज माझ्याकडे परत.

"कायमचा पत्ता रिकामा आहे."

"बसथांब्यासमोर एक गाळा रिकामा आहे. सकाळी बघून आलो. इथे तीन गाड्यांपैकी दोन खोकतात, काम पुष्कळ आहे. आबा म्हणाले, दुकानात दोघांचं काम कधीच नव्हतं, एक तर तू जा नाहीतर मी जातो." त्याने पेन्सिल पुढे केली. "पण गाळ्याचा पत्ता कायमचा म्हणून लिहिता येत नाही. म्हणून तो रकाना… तुझ्यावर सोडलाय."

बहिणींचं भांडण थांबलं. काकूंनी हातातलं पुस्तक मिटलं. पोस्टमन म्हणाले, "पिनकोड लागला तर सांगा, मला पाठ आहे."

मी पेन्सिल बाजूला ठेवली आणि पर्समधून पेन काढलं. इथल्या वाचनालयाच्या कचेरीमागच्या दोन खोल्या, घर क्रमांक, गल्ली, तालुका. माझा पत्ता सुवाच्य अक्षरात, रकान्यात बसत नव्हता तरी बसवून लिहिला. पिनकोड पोस्टमनना विचारला, त्यांचं मन मोडू नये म्हणून.

त्याने वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एकेका शब्दावर थांबत, जणू तिथे पोचायला खूप वळणं होती.

"चूक असेल तर आत्ता सांग," मी म्हणाले. "अर्जात खाडाखोड चालत नाही."

"चूक नाही."

मी शिक्का मारला आणि म्हणाले, "पुढचे."

त्याच्या मागे आणखी चारजण आले होते. तो बाजूला झाला नाही. मीही त्याला बाजूला हो म्हटलं नाही.