पांढऱ्या रेषेवरचे बूट

न दिसल्यामुळे हातून घडलेल्या पातकाला कदाचित क्षमा असेल. परंतु दिसत असताना केलेले आणि मागाहून धुक्याच्या माथी मारलेले पातक कर्त्याचा माग काढत येते. हा उपदेश नव्हे. घडले तेच सांगतो आहे.

गिल सिल्वेराने हे मला स्वतःच्या तोंडाने सांगितले. सांगत असताना त्याने एकदाही खिडकीकडे पाठ केली नाही.

कॅलिफोर्नियातल्या टुलेरी भागात, गावापासून सात मैलांवर, सिल्वेरांचा गाईंचा गोठा आहे. हिवाळ्यात तिथे धुके जणू जमिनीतूनच उगवते आणि सकाळी दहापर्यंत हलत नाही. अशा वेळी गाडीतला एक जण खाली उतरतो, रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या रेषेवरून पुढे चालतो, आणि चालवणारा त्याच्यामागून गाडी पावलापावलाने नेतो.

पुढचा माणूस आपली पाठ मागच्याच्या हाती सोपवतो.

गिलचा धाकटा भाऊ एल्मानो सव्वीस वर्षांचा होता. मितभाषी. पिकअपला लावण्यासाठी त्याने धुक्यातले दोन पिवळे दिवे मागवले होते. ते कोणत्या उंचीवर बसतील हे मोजून शेडच्या भिंतीवर निळ्या खडूची रेषही आखून ठेवली होती. प्रकाश त्या रेषेच्या वर जाता कामा नये. वर गेला की धुक्याचीच भिंत उजळते आणि रस्ता बुडतो.

"दिवे?" गिल हसला होता. "त्यापेक्षा चष्मा घे की! हा रस्ता मी झोपेत चालवतो."

"झोपेतच चालवतोस, म्हणून तर आणले."

धारा काढणारे गडी खो खो हसले. गिल हसला नाही.

दिव्यांचे खोके फळीवरच राहिले.

पुढच्याच आठवड्यात, जानेवारीतल्या एका सकाळी, गिलने दाट धुक्यात गाडी थांबवली.

"उतर. फार उजेड पाडतोस ना? चल, हो पुढे."

एल्मानो उतरला. चालू लागला.

गिलने बंपर हळूच त्याच्या गुडघ्यांमागे टेकवला. एल्मानो दचकला. गिलला मौज वाटली. त्याने पुन्हा टेकवला.

"पुरे रे, गिल! लागतंय!"

तिसऱ्या वेळी ब्रेकवर पाय पडायला... क्षणभर उशीर झाला.

लोकांना त्याने सांगितले, भावाचा पाय घसरला. आई देओलिंदा, जिला दोघेही माई म्हणत, तिने एकच प्रश्न विचारला.

"तो आपणहून उतरला होता का रे?"

"हो, माई. मी नकोच म्हणत होतो."

तिच्याजवळ आता हा एकच मुलगा उरला होता. तिने विश्वास ठेवला.

वर्ष सरले. एल्मानोसाठी चर्चमध्ये रविवारी प्रार्थना ठरली. माई म्हणाली, "धुकं असणारच. त्याचे दिवे बसव गाडीला. त्याच्या उजेडात जाऊ."

नकार द्यायला कारण नव्हते.

शनिवारी दुपारी गिलने बंपरला भोके पाडली, पट्ट्या आवळल्या, दिवे कसले. बॅटरीपासून तारा ओढून आतले बटण जोडले. गाडी भिंतीसमोर उभी केली आणि बटण दाबले.

पिवळा प्रकाश निळ्या रेषेच्या नेमका खाली पडला. एक केसभरही वर नाही.

आणि त्या प्रकाशात... चार सावल्या होत्या.

उभ्या. बारीक. गुडघ्यांपर्यंतच्या.

दिवे दोन. एका पायाच्या सावल्या दोन. म्हणजे पाय दोन.

गाडी आणि भिंत यांच्यामध्ये कुणीही नव्हते.

गिलने बटण बंद केले. पुन्हा लावले. भिंत कोरी होती.

"झाले का रे?" माईने दारातून विचारले.

"झाले."

रविवारी सकाळी सात वाजता दोघे निघाले. माईच्या मांडीवर फडक्यात बांधलेला गोड पाव होता. उजाडले होते, पण उजेड नुसता पांढरा होता. पुढे काहीच नाही. गिलने बटण दाबले.

धुक्याखालून रस्ता दिसू लागला. पांढरी रेषा दिसू लागली.

आणि रेषेवर... बूट.

दोन बूट, शांतपणे पुढे चालणारे. गुडघ्यांच्या वर नुसते धुके. उजव्या बुटाला नाडी नव्हती. गवताच्या गठ्ठ्याची केशरी दोरी बांधलेली होती.

ती दोरी माईने ओळखली. शवपेटीत त्याला नवे बूट घालताना तिनेच ती सोडली होती.

ती किंचाळली नाही. समोर बघत तिने विचारले, "गिल, तो आपणहून उतरला होता?"

"हो, माई."

बूट थांबले.

गिलने ब्रेक दाबला. रेडिओ बंदच होता. तरी कुणीतरी आवाज कमी करावा तशी सारी शांतता आणखी खोल गेली.

"पोरा, तुझ्या बापाची शपथ. उतरला, की उतरवलास?"

तोंडाशी आलेला शब्द गिलने गिळला.

"उतरला."

बूट सावकाश वळले. चवडे आता बंपरच्या दिशेने होते.

माईने दार उघडले. "तू सांगत नाहीस. मग त्यालाच विचारते."

"माई, नको! उतरू नकोस!"

वर्षभर जे आपण म्हटले असे तो सांगत होता, ते त्याने त्या क्षणी प्रथमच म्हटले.

ती उतरली. बुटांशेजारी तिचे काळे जोडे येऊन थांबले. मग चारही पावले वळली आणि रेषेवरून पुढे गेली... प्रकाशाच्या बाहेर.

गिल खाली उतरू शकला असता. उतरला नाही. पाय ब्रेकवर घट्ट दाबून तो हॉर्न वाजवत राहिला.



साडेदहाला धुके विरळ झाले तेव्हा माई सापडली. अर्ध्या मैलावर, जिथे एल्मानो पडला होता नेमकी तिथे, रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीच्या काठावर ती बसली होती. जिवंत. पाव मांडीवर तसाच होता. गिलने तिला उचलायला हात घातला, तेव्हा तिने झग्याचा काठ वर केला.

दोन्ही गुडघ्यांच्या मागे, बंपरच्या उंचीवर, आडवे निळे वळ होते.

पिकअप जागेवरून हललेली नव्हती.

"त्याने सांगितलं नाही," माई म्हणाली. "दाखवलं. तिन्ही वेळा."

पुढे म्हणाली, "ते दिवे काढायचे नाहीत."

त्यानंतर ती गिलशी आजतागायत बोललेली नाही. त्याचे ताट वाढते, सदरे धुते, आणि त्याच्या तोंडाकडे बघत वाट पाहते. दिवे बंपरवर आहेत. मी पाहिले आहेत. हिवाळ्यात गिल गाडी चालण्याच्याच वेगाने नेतो. पुढे काय दिसते हे मी विचारले नाही. मात्र त्या दिवसापासून धुक्यात माझीही नजर आधी पांढऱ्या रेषेकडे जाते.

पुढे चालणाऱ्याची वाट निर्वेध होवो. त्या माउलीच्या डोळ्याला डोळा लागो. आणि जे गिलने मला सांगितले, ते तिला सांगण्याचे बळ त्याच्या जिभेला मिळो.