राखणदाराच्या वहाणा

माझं शिक्षण आठवीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच आहेत; रागावू नका. आंब्याच्या पेट्या भरून झाल्यावर, दिवे गेलेले असताना, धाकूकाकांनी आम्हा चार पोरांना सांगितलं तसं लिहितो. काकांना ते खुद्द शुभंकर मास्तरांनी सांगितलं होतं.

हे मास्तर पावस गावाच्या पुढच्या एका वाडीत विज्ञान शिकवायला आले होते. येसूबाई नावाच्या म्हातारीच्या पडवीला लागून त्यांची खोली. दोन हजार तीन सालातली जानेवारीची दोन तारीख, गुरुवार, मार्गशीर्षातली अमावास्या. येसूबाईचा गुडघा सुजला होता. तिन्हीसांजेला तिनं मास्तरांच्या हातात पिशवी दिली. आत चामड्याच्या नव्याकोऱ्या वहाणा, चांगल्या हातभर लांब.

"सड्यावर राखणदाराच्या दगडापाशी ठेवा. वर्षाला एक जोड देते मी. जुना उचला नि पऱ्यात सोडा. रातभर वाडीभोवती फिरतो तो, झिजतात वो."

"पावसानं आणि वाळवीनं झिजतात, येसूबाई. तो फिरतो याला पुरावा काय?"

"माझा बाळा बोटीवर. मी एकटी बाई, कडी न लावता निजते. आणखी काय दाखवू तुमाला?" ती हसली. "तुमी पोरांना विज्ञान शिकवा. मला वहाणा तेवढ्या पोचवा. पोचवाल ना?"

"पोचवीन."

गेलेही वर सड्यावर, वाडीमागच्या उघड्या कातळावर. दगडापाशी जुना जोड होता, टाचा पार झिजलेल्या. तो पऱ्याच्या वाहत्या पाण्यात सोडला. मग पिशवीत हात घातला आणि मास्तर थबकले. महिनाभर दगड मोकळा राहू दे. काही बिघडणार नाही. मग हा कोरा जोड म्हातारीपुढे ठेवू. झाला प्रयोग! वहाणा परत आल्या आणि मास्तरांच्या खाटेखाली गेल्या.

"ठेवल्यात?" कुळथाची पिठी वाढताना येसूबाईनं विचारलं.

"हो."

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मास्तरांना जाग आली.

"काका, जाग आल्या आल्या घड्याळ कोण बघतं?" आमच्यातला लवू म्हणाला.

"खोटं बोलून निजलेला माणूस बघतो," काका म्हणाले.

बाहेर गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेनं कुणीतरी चालत होतं. अनवाणी. कातळावर तळवा टेकायचा. मग काठी. मग तळवा. कुत्री उठून उभी होती, पण भुंकत नव्हती.

चोर असेल. मास्तर बॅटरी घेऊन दारात आले. गडग्यावरून उजेड फिरवला. कुणी नाही. पावलं मात्र त्या उजेडातून चालत होती...

लांब गेली. वाडीला वळसा घालून परत आली. आता एक पाय ओढत.

"कोण?"

काटा रुतल्यावर माणूस दातांतून श्वास ओढतो... तेवढाच आवाज.

मग काठी. मग पाऊल.

तिसरा फेरा. चौथा. थांबणं नाही. दाराकडे वळणं नाही. रागाचा शब्द नाही. मास्तर काकांना म्हणाले होते, मला मारलं असतं तरी बरं वाटलं असतं.

उजाडलं. गडग्याच्या कडेनं कातळावर थेंब. तांबडे. एका पावलाआड एक, फक्त डाव्या पायाचे.

शाळेत सूक्ष्मदर्शक होता. काचेवर एक थेंब नेला असता तर रक्त की नुसतं मातीचं पाणी, ते दिसलं असतं. मास्तर वाकले... आणि तसेच राहिले. दिसून काय होणार होतं? शब्द दिला होता आणि मोडला होता. त्याला कुठला पुरावा हवा होता?

येसूबाई लंगडत फुलं काढायला आली. तिनं थेंब पाहिले. मग मास्तरांकडे पाहिलं.

"मी ठेवल्या नाहीत, येसूबाई."

ती रागावली नाही. पायरीवर बसली. "म्हणजे रातभर तो अनवाणी..."

मास्तरांनी खाटेखालून वहाणा काढल्या. स्वतःच्या चपला दाराशीच सोडल्या आणि थेंबांच्या मागानं अनवाणी सडा चढले. थेंब दगडापाशी संपत होते. दगडावर करवंदीचा एक लांब काटा होता, उपसून नीट बाजूला ठेवलेला. टोक अजून ओलं होतं.

मास्तरांनी वहाणा ठेवल्या. खालून शाळेची घंटा ऐकू आली, तरी वाकलेली मान वर करून समोर बघायचा धीर त्यांना झाला नाही.