तिच्या नावाचं फोल्डर

इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून निघणाऱ्या, धोक्यातल्या पेशंटांच्या कालच्या यादीत एकच ओळ होती: "कोणी नाही." आणि काल तपासणीला रक्त देऊन घरी गेलेले एक शाळामास्तर पहाटेपासून व्हेंटिलेटरवर होते. त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम जीव जाण्याइतकं वाढलं होतं. यादीत नाव असतं तर कालच संध्याकाळी त्यांना बोलावून घेतलं असतं.

चौकशीला आलेल्या डॉक्टरीणबाई बोलायच्या कमी, समोरच्याला घाम मात्र फोडायच्या.

"यादी कोण काढतं?"

"हिची स्क्रिप्ट, हिने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम," प्रयोगशाळेचे प्रमुख तंत्रज्ञ मुलीकडे बोट करत म्हणाले. "दोन महिने प्रोग्रॅमिंग शिकली आणि निघाली आम्हाला शिकवायला. काल ही रजेवर होती. मी नुसतं बटण दाबलं. पोलिसांत नाव द्यायचं तर हिचंच द्या."

मुलगी भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक. नोकरी जाणार ती जाणारच, वर माणूस मरणाच्या दारात नेल्याचा ठपका.

"स्क्रिप्ट रक्ताची रीडिंग कुठून घेते?" बाईंनी तिला विचारलं.

"माझ्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमधून. स्क्रिप्टमध्ये त्या फोल्डरचा अख्खा पत्ता लिहिलाय, माझ्या नावासकट. चुकलंच माझं, मॅडम. स्क्रिप्ट स्वतः जिथे ठेवलीय तिथून फाइल शोधायला लावायची होती. मग कुठेही चालली असती."

"मग सरांच्या कॉम्प्युटरवर काय व्हायला हवं?"

"फाइल सापडत नाही म्हणून अडायला हवी."

"अडली नाही."

"तेच तर डोक्यात शिरत नाही."

बाई प्रमुखांच्या खुर्चीत बसल्या आणि एकेक फोल्डर उघडत गेल्या. मग पडद्यावर मुलीच्या नावाचं फोल्डर आलं.

"इथे तू कधी बसली होतीस?"

"कधीच नाही."

फोल्डर काल चार वाजून सात मिनिटांनी बनलं होतं, प्रमुखांच्याच लॉगिनने. यादी निघाली चार दहाला. तपासणीचं यंत्र मात्र कालचं काम संपवून चार चाळीसला थांबलं होतं.

"रीडिंग यायच्या अर्धा तास आधी यादी?" बाई प्रमुखांकडे वळल्या. "बटण दाबलंत तेव्हा स्क्रिप्ट अडलीच होती. ती मागत होती तो पत्ता तुम्ही हाताने तयार केलात आणि आत ही परवाची फाइल टाकलीत. परवा खरंच कोणी धोक्यात नव्हतं. स्क्रिप्टने दिलं ते उत्तर बरोबरच होतं, फक्त परवाचं."

प्रमुखांनी चष्मा काढला. "लेकीला स्टेशनवर सोडायचं होतं. यादीत रोज कोणीच नसतं हो."

"लेखी द्या," बाई म्हणाल्या. मग मुलीला म्हणाल्या, "पत्ता बदल. कालची खरी फाइल घाल."

मुलीने पत्त्याची ओळ बदलली, दोनदा तपासली आणि स्क्रिप्ट चालवली. यादीत मास्तरांचं नाव आलं.

त्याखाली आणखी एक नाव होतं. स्त्री, वय तेवीस, काल पाचला घरी पाठवलेली.

मुलीने फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. तिने परत लावला.