मनातला रकाना

राजारामपुरीतला नेहमीचा झेरॉक्सवाला त्या शनिवारी कुणाच्या तरी लग्नाला गेला होता, म्हणून दीक्षा शेजारच्या गल्लीतल्या दुकानात शिरली. उचगावच्या शाळेत ती सहावीला शिकवायची. तिच्या हातात मुलांसाठीची एक जुनी, पिवळी पडलेली कादंबरी होती. ‘म्हशीमागं सात गावं.’

“तिसरं प्रकरण. एक्केचाळीस प्रती. पुस्तक आता बाजारात मिळत नाही,” ती म्हणाली.

काउंटरमागच्या तरुणानं पान काचेवर ठेवलं, बटण दाबलं आणि... पुढचं पान वाचतच राहिला. मशीन गरम कागद बाहेर टाकत होतं, त्याचं लक्षच नव्हतं.

“मॅडम, ह्या झुंबरला तिची म्हस घावती का ओ?”

“ते पुढच्या शनिवारी.”

“आत्ताच सांगा की!”

“आमच्या वर्गाचा नियम आहे. आठवड्याला एकच प्रकरण. पुढं काय होईल ते आधी प्रत्येकानं लिहून द्यायचं, मग पुढचं वाचायचं.” तिला हसू आलं. “तुम्हीही द्या लिहून!”

ती थट्टेत बोलली होती. पण पुढच्या शनिवारी त्यानं खरंच घडी घातलेला कागद पुढं केला. वर नाव— बसवेश, सहावी ब. खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘म्हस बाजारात न्हाय. ऊसतोड चाललीय तिथं आसणार. उसाच्या शेंड्याचं हिरवं वाडं खायला मिळाल्यावर कुठली म्हस हालती?’

दीक्षानं तो अंदाज वर्गात वाचून दाखवला. पोरं पोट धरून हसली आणि त्यांनी तो रीतसर तपासून परत पाठवला— ‘दहापैकी सहा. कल्पना छान. शुद्धलेखन सुधारा.’ बसवेशनं तो कागद मशीनच्या वर भिंतीला चिकटवला. गिऱ्हाइकांना अभिमानानं दाखवायचा.

मग शनिवार यायला लागले... पोरांनी म्हशीची रोजनिशी लिहिली, सात गावांचा नकाशा काढला, एकाला झुंबरचा काका करून खुर्चीत बसवलं आणि प्रश्न विचारून विचारून घाम फोडला. दीक्षा हे सगळं बसवेशला सांगायची. पंधरा मिनिटांच्या कामाला तास लागायचा. तो मूळचा गडहिंग्लजचा, वडील मल्लाप्पा यांचं तिथं गुळाचं दुकान. तीही आपल्या उचगावच्या घराबद्दल, वडील अण्णांबद्दल बोलायची. हसायच्या आधी तो क्षणभर खाली बघायचा, हे तिला कधी कळलं कुणास ठाऊक. शनिवारी कपाटापुढं तिचा बराच वेळ जायला लागला होता, एवढं मात्र खरं.

सातव्या शनिवारी तो पानं लावत लावत म्हणाला, “बाई, पुढच्या शनिवारी दुकान बंद. गावाकडं जातोय. रविवारी... मुलगी बघायला.”

दीक्षानं कागदांच्या कडा काउंटरवर आपटून सरळ केल्या. त्या सरळच होत्या.

“अरे वा. शुभेच्छा.”

घरी येईपर्यंत तिनं स्वतःला चारदा बजावलं— आपलं काय त्यात?

पुढच्या प्रकरणासाठी तिनं नवा तक्ता आखला होता. दोन रकाने. ‘काय बोलली’ आणि ‘मनात काय होतं’. झुंबर काकाला सांगते, मला म्हशीचं काही वाटत नाही, आणि मनात? ते मुलांनी ओळखायचं. बुधवारी मधल्या सुट्टीत दीक्षानं नमुना म्हणून एका कागदावर पहिली ओळ भरून पाहिली. संध्याकाळी सगळे कागद दुकानात ठेवले, “अर्ध्या तासात येते” म्हणाली, आणि त्याच्याकडं न बघताच चार्टपेपर आणायला गेली.

परत आली तेव्हा मशीन बंद होतं. बसवेशचे कान लाल झाले होते.

“बाई... ह्याच्या बी एक्केचाळीस काढल्या.”

तिनं पाहिलं. तिचंच अक्षर. ‘काय बोलली— शुभेच्छा. मनात काय होतं— जाऊ नका ना.’

“अगं बाई! तो... तो नमुना होता!”

“कशाचा?”

तिनं गठ्ठा ओढायला हात पुढं केला. त्यानं तो ओढू दिला नाही. खिशातलं पेन काढून त्यानं तिच्या ओळीखाली दुसरी ओळ भरली आणि कागद तिच्याकडं फिरवला. ‘काय बोलला— मुलगी बघायला जातोय. मनात काय होतं— बाई, अडवा की मला.’

मग त्यानं फोन उचलून आईला, शांतव्वांना लावला.

“अव्वा, रविवारचं रद्द कर... व्हय, हाय एकजण. उचगावची. शाळंत बाई हाय.” पलीकडून काहीतरी विचारणं झालं. त्यानं दीक्षाकडं बघितलं, नजर हलवली नाही. “आपल्यातली न्हाय. बौद्ध हाय.”

दीक्षानं गल्लीतून जाणाऱ्या तीन रिक्षा मोजल्या. मग पलीकडचा आवाज तिलाही स्पष्ट ऐकू आला, “अप्पाला तू सांगतोस का मी सांगू?”

“मीच येऊन सांगतो, अव्वा.”

सोमवारी मधल्या सुट्टीत तो शाळेच्या फाटकाशी उभा होता. रात्रभर झोप नसलेला चेहरा, पण डोळे हसरे.

“अप्पा तासभर दुकानात गुळाच्या ढेपा मोजत बसलं. मग म्हणालं, वरीसभर थांब, तरीबी हेच म्हणलास तर मी आडवा येणार न्हाय. मी म्हटलं, थांबतो. तुमच्याकडं?”

“अण्णांना काल मीच सांगितलं. ते म्हणाले, त्याचं घर तुला मानानं वागवणार असेल, तरच माझा होकार.” ती थांबली. “मलाही तेच हवंय. त्यात तडजोड नाही.”

“ती मी मागणार बी न्हाय.” त्यानं खाली बघितलं, मग थेट तिच्याकडं. “मग बाई... वरीसभर थांबशील?”

‘थांबशील’ म्हणाला! मागं सहावीच्या खिडकीत एक्केचाळीस डोकी दाटीवाटीनं जमली होती. दीक्षानं वळून त्यांच्यावर डोळे वटारले आणि मग वर्गात कधी न बोललेल्या ठसक्यात म्हणाली,

“व्हय की!”