एकतीसपर्यंतची मोजणी

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. यातलं अर्धं मी माझ्या कानांनी ऐकलंय. उरलेलं अर्धं ज्यांच्या बाबतीत घडलं ते आत्ता माझ्यासमोर बसून पेपर वाचतायत.

आमचे हे.

नावं लिहीत नाही. तिथे लोक अजून नोकरीला आहेत, त्यांना उगाच त्रास नको.

आणि हो, हे रात्री घडलेलं नाही. मंगळवार होता. सकाळचे साडेअकरा वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं.

आमचे हे हेलिकॉप्टरचे मेकॅनिक. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आत्याने यांना विचारलं होतं, स्कूटर दुरुस्त करता येते का म्हणून. हे म्हणाले, करतो, पण उडाली तर मला विचारू नका. आत्या अजून ते सगळ्यांना सांगते.

यांच्या तळावर एकच हेलिकॉप्टर होतं. अँब्युलन्सचं. डोंगरापलीकडच्या गावांत कुणाला अपघात झाला, की ते उडायचं आणि वीस मिनिटांत माणसाला मोठ्या हॉस्पिटलात पोचवायचं. रस्त्याने तेच चार तास.

हेलिकॉप्टरच्या डोक्यावरची मोठी पाती ज्यामुळे फिरतात ती गिअरबॉक्स. तिच्या पोटात एक मोठं दातेरी चाक असतं. त्याला बासष्ट दात. दुसरीकडे कुठेतरी अशाच बनावटीचं एक हेलिकॉप्टर हवेत असताना त्या चाकाचा एक दात तुटला होता. आत चौघे होते. चौघेही गेले.

तेव्हापासून सक्तीचा नियम आला. दर शंभर तासांच्या उड्डाणानंतर झाकण उघडायचं. पाती हाताने हळूहळू फिरवायची, म्हणजे आतलं चाक फिरतं. एकेक दात भिंगाखाली आणायचा. आकडा मोठ्याने म्हणायचा. चीर आहे का बघायचं.

एकाने बासष्ट मोजायचे. मग दुसऱ्याने पुन्हा पहिल्यापासून बासष्ट मोजायचे.

दोन माणसं, दोन सह्या. त्याशिवाय उडायचं नाही.

पहिली सही बरीच वर्षं भिंगकाकांची असायची. काका म्हणजे तिथले सगळ्यात जुने तपासनीस. गळ्यात कायम भिंग, म्हणून ते नाव. यांना काम त्यांनीच शिकवलं. आमच्याकडे जेवायला आले तर ताटाकडेही भिंगातून बघायचे आणि मला म्हणायचे, "पास आहे, वहिनी."

त्या मंगळवारच्या दोन महिने आधी काका गेले. फुफ्फुसाचा आजार. अगदी शेवटपर्यंत कामावर येत होते. खोकत खोकत.

त्यांनी तपासलेली शेवटची गिअरबॉक्स हीच.

तर त्या मंगळवारी शंभर तास भरले होते. पुन्हा तपासणी. दुसरा तपासनीस बाराला येणार होता. हे एकटेच शेडमध्ये, शिडीवरच्या फळीवर उभे. झाकण काढून झालं होतं. पाती अजून पट्ट्यांनी बांधलेलीच होती. हे भिंग पुसत होते.

आणि शेडमधला पंखा थांबला.

वीज गेली असेल म्हणून यांनी वर पाहिलं. पंखा फिरत होता...

फक्त त्याचा आवाज येत नव्हता.

बाहेर रस्त्यावर ट्रक जाताना दिसत होते. त्यांचाही आवाज नाही. पत्र्याच्या छपरावर कबुतरं नाचायची, त्यांचाही नाही. कानात कुणी कापूस कोंबावा तसं.

आणि मग गिअरबॉक्सच्या आतून...

टक.

थोडं थांबून... टक.

यांनी पात्यांकडे पाहिलं. पट्टे ताणलेले होते, पाती जागची हलली नव्हती. पाती हलल्याशिवाय ते चाक फिरूच शकत नाही. यांनी उघड्या झाकणातून बॅटरी मारली. चाक गप्प होतं.

टक... टक... टक...

यांनी नकळत मोजायला सुरुवात केली. एकतीसपर्यंत आलं आणि थांबलं.

शांतता.

मग पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा एकतीस. पुन्हा बंद.

तीन वेळा असं झाल्यावर यांनी मला फोन लावला. मी शिवणकाम करते. मशिनवर होते. यांचा कामाच्या वेळी कधी फोन येत नाही, म्हणून पाय पायडलवरून आधीच उचलला गेला.

हे एवढंच म्हणाले, "बोलू नकोस. ऐक."

फोन कुठेतरी ठेवल्यासारखा वाटला.

मला टक टक काही ऐकू आलं नाही.

मला ऐकू आला माणसाचा आवाज. हळू, दमलेला. मधेच खोकणारा.

"चार... पाच... सहा..."

माझ्या हातातली कात्री खाली पडली. तो आवाज मी ओळखत होते. त्या माणसाला मी कितीदा जेवायला वाढलं होतं. त्याच्या अंत्यविधीला मी पहिल्या रांगेत उभी होते.

फोन ठेवावासा वाटत होता, पण हात ऐकेना. काका मोजत राहिले. एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस... मधे एकदा मोठी ढास लागली. मग पुढे. पन्नास. साठ.

"एकसष्ट... बासष्ट."

आणि मग, सुटल्यासारखा श्वास टाकून, "पास आहे."

यांनी फोन उचलला. विचारलं, "ऐकलंस?"

मी हो म्हणाले.

"म्हणजे मला भास होत नाहीये. बस, एवढंच हवं होतं." फोन बंद.

मला वाटलं, आम्ही दोघांनी एकच ऐकलं.

पुढचं मला संध्याकाळी कळलं.

बाराला दुसरा तपासनीस आला. त्याने पट्टे सोडले, पाती फिरवली, बासष्ट दात मोजले. सगळं स्वच्छ. त्याने सही केली. मग हे बसले. बत्तिसाव्या दाताशी आले आणि यांना वाटलं, मुळाशी केसाएवढी रेघ आहे. त्या माणसाने बघितलं. म्हणाला, उजेडाची चमक आहे. यांनी पुसून पुन्हा बघितलं. कधी दिसायची, कधी नाही.

तेवढ्यात फोन वाजला. डोंगरापलीकडे एक गवंडी तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला होता. पाठीला मार. हेलिकॉप्टर ताबडतोब हवं होतं.

पायलट धावत आला. मागोमाग साहेब. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी यांना बाजूला घेऊन समजावलं की एक सही झाली आहे, दुसऱ्याला काही दिसत नाही, झाकण लावायला अर्धा तास, तिकडे माणूस तळमळतोय. तुलाही चीर खात्रीने दिसत नसेल, तर कर सही.

हे भिंग हातात धरून उभे राहिले.

मग म्हणाले, "साहेब, मी सही करणार नाही."

गवंड्याला रस्त्याने नेलं. चार तास वीस मिनिटं. जीव वाचला. कमरेखालचं अंग गेलं.

त्या संध्याकाळी हे घरी आले ते बूट न काढताच मोरीजवळ बसले. सगळं सांगितलं. टक टक कशी एकतीसवर थांबत होती ते. आणि मग जे मला कधीच माहीत नव्हतं ते.

मागच्या तपासणीला काका फार आजारी होते. तरी त्यांनी मोजलं. हे त्या वेळी खाली पायलटशी बोलत होते, काकांची मोजणी यांनी ऐकलीच नाही. काका शिडीवरून उतरले आणि म्हणाले, झालं माझं, आता तू मोज. यांनी मोजायला सुरुवात केली. अर्ध्यावर आले आणि असाच एक फोन आला. हेलिकॉप्टर हवं होतं. यांनी विचार केला, काकांनी बघितलंय ना. काकांच्या नजरेतून काही सुटणार आहे का?

मधेच थांबले. सही केली.

"मी मोजलं नाही आणि बहुतेक काकांनीही पूर्ण मोजलं नसणार. दम लागला असणार त्यांना. म्हणून एकतीसवर थांबतात. मेल्यावरही तेच सांगतायत मला."

माझ्या ओठांवर आलं होतं. नाही हो, काकांनी पूर्ण मोजलं. मी ऐकलंय. बासष्ट.

पण तो गवंडी तेव्हा हॉस्पिटलात ऑपरेशनच्या टेबलावर होता. आता ते सांगून काय होणार होतं? यांचा चेहरा बघून मी गिळून टाकलं. पाण्याचा तांब्या पुढे केला.

ते चाक कारखान्याकडे गेलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं. चाकात दोष नाही. बत्तिसाव्या दाताची ती रेघ म्हणजे बनवतानाचा ओरखडा, धोका काहीच नाही.

तेच चाक परत बसवलं. दुसऱ्या दोघांनी सह्या केल्या. यांनी अर्ज देऊन अवजारांच्या खोलीत बदली मागून घेतली. पाने द्यायचे, पाने परत घ्यायचे. वीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस.

एकदा हे त्या गवंड्याला भेटायला गेले. मीही गेले. पलंगावर बसून तो भाचीला गणितं शिकवत होता. यांनी काही न लपवता सांगितलं की मी सही केली नाही, म्हणून हेलिकॉप्टर आलं नाही. आणि त्यात दोष निघाला नाही.

त्याने भाचीची वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मी ज्या परांचीवर चढलो, ती कुणी तपासली नव्हती."

मग चहा आला. तो रागावला होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

असे चार महिने गेले. पुन्हा शंभर तास भरले.

या वेळी तपासणीला एक नवीन मुलगी होती. जेमतेम सव्वीसची, पण हुशार. तिने यांना कधी पाहिलेलंही नव्हतं. ती यायच्या आधीच यांची बदली झाली होती, आणि अवजारांची खोली दुसऱ्या इमारतीत. फोनवरून अवजारं मागवायची, तेवढीच ओळख.

रविवार होता. दुपारचे तीन. आम्ही दोघं घरी. तिचा फोन आला. यांच्या हातांना रंग लागला होता, खिडकी रंगवत होते, म्हणून मी स्पीकरवर टाकला.

ती फार सांभाळून बोलत होती. म्हणाली, सर, सुट्टीच्या दिवशी त्रास देते. हसू नका. मी गिअरबॉक्सचं झाकण उघडलंय. पाती बांधलेली आहेत. आणि...

थांबली.

"आणि आत दोन माणसं मोजतायत, सर."

यांच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

तिने सांगितलं, एक आवाज म्हाताऱ्या माणसाचा आहे. खोकत मोजतो. पण बासष्टपर्यंत जातो, पास आहे म्हणतो आणि गप्प होतो. मग दुसरा सुरू होतो. तो एकतीसवर थांबतो. पुन्हा पहिल्यापासून. परत परत.

"तो दुसरा आवाज..."

"बोल," हे म्हणाले.

"तुमचा आहे, सर. आत्ता तुम्ही बोललात ना, अगदी तोच. म्हणून तर खात्री करायला फोन केला."

मी यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं हे दचकतील. हे दचकले नाहीत.

"माझाच आहे," हे म्हणाले. "मी त्याच दिवशी ओळखला होता."

म्हणजे टक टक नव्हतीच. यांनी त्या मंगळवारी स्वतःचा आवाज ऐकला होता. मला सांगितलं नाही, कारण म्हणे, सांगितलं असतं तर तू मला डॉक्टरकडे नेलं असतंस. आणि काकांवर ढकललं, कारण मेलेला माणूस मोजतोय हे मानणं त्यापेक्षा सोपं होतं.

मग मीही बोलले. फोन चालू असतानाच. मी काय ऐकलं होतं ते सगळं. बासष्ट. पास आहे.

हे खाली बसले. रंगाच्या डब्याशेजारी, जमिनीवर. मी कधी यांना रडताना पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हाही नाही.

पलीकडून ती मुलगी वाट बघत होती. शेवटी तिने विचारलं, आता मी काय करू?

यांनी नाक पुसलं. आवाज कामाचा झाला. "कुणाचं ऐकू नकोस. काकांचं नाही, माझं तर नाहीच. पट्टे सोड, पाती फिरव, प्रत्येक दाताला बोट लाव. बासष्ट. मधे कुणाचाही फोन आला तरी उतरू नकोस."

तिने तसंच केलं. तिच्या जोडीदारानेही. दीड तासाने तिचा निरोप आला. सगळं स्वच्छ, सह्या झाल्या. त्याच संध्याकाळी हेलिकॉप्टर एका बाळंतिणीला घेऊन आमच्या घरावरून गेलं. आई आणि मुलगी, दोघी सुखरूप आहेत.

ती मुलगी सांगते, त्यानंतर म्हाताऱ्याचा आवाज आलेला नाही.

दुसरा अजून येतो.

यांना मी दोनदा म्हटलं, तुम्ही स्वतः जाऊन एकदा शेवटपर्यंत मोजून या. हे जात नाहीत. म्हणतात, मी तिथे उभा राहिलो आणि तरीही आतून माझा आवाज आला, तर?



मेलेल्या माणसाचं मी समजू शकते. काही राहिलं असेल, म्हणून घुटमळत असेल. पण हे तर जिवंत आहेत. जेवतात, घोरतात, माझ्याशी भांडतात. मग तिथे आत कोण आहे?

आता घरात एक नवीन सवय लागलीय मला. हे आतल्या खोलीत फोनवर बोलत असले, की मी हातातलं शिवण ठेवते, उठते आणि दारापर्यंत जाऊन बघून येते...

बोलणारे हेच आहेत ना.