फाटक कोण उघडणार?

ही गोष्ट खरी आहे. पटवून देत बसायची मला हौस नाही.

जुलै महिना, भर दुपार, मोंटानातल्या एका रँचकडे जाणारा कच्चा रस्ता. मध्यरात्र नव्हती. वादळ नव्हतं. कुत्रं रडलं नाही. ज्यांना ते लागतं त्यांनी दुसरीकडे वाचावं.

माझी आई, आर्डिस, फेब्रुवारीत गेली. जूनमध्ये माझे बाबा, लाइल, यांनी कोलीनशी लग्न केलं आणि जुलैत पिकअपच्या मागे कॅम्पर, म्हणजे राहायची चाकांवरची खोली, जोडून तिला घेऊन सहलीला निघाले. आधी ग्लेशियर नॅशनल पार्क, मग यलोस्टोन, मग जुन्या मित्राच्या रँचवर मुक्काम.

हीच सहल आईला हवी होती. लग्न झाल्यापासून हवी होती. दर उन्हाळ्यात बाबांचं उत्तर ठरलेलं, "गवत कापायच्या दिवसांत कोण भटकतं, आर्डिस? टूरिस्ट!" तो शब्द ते थुंकल्यासारखा उच्चारायचे.

आई गेल्यावर गवत आपोआप कापलं जात असावं.

ते मला रोज फोटो पाठवायचे. बायसनसमोर बाबा. गरम झऱ्यासमोर बाबा. नवी हॅट, नवा शर्ट. कोपऱ्यात कोलीनचा अर्धा खांदा. मी उत्तर दिलं नाही.

मग फोटो थांबले...

आणि कोलीनचा फोन आला. डिलनमधल्या मोटेलवरून.

"ये आणि तुझ्या बापाला घेऊन जा."

"भांडलात?"

"भांडायला तो माणूस कुणाचं ऐकतो कुठे? तू ये. फोनवर सांगण्यासारखं नाही."

बिलिंग्जहून मी पोचले तेव्हा ती मोटेलच्या पायरीवर बसली होती. बॅग भरलेली. कागदी कपातली कॉफी गार झालेली.

"ऑर्विलच्या रँचवर चाललो होतो आम्ही," ती म्हणाली. "वाटेत तारेचं फाटक. लाइल थांबला आणि म्हणाला, 'फाटक.' मी म्हटलं, 'हो, दिसतंय मला.'"

कोलीन फीनिक्स शहरातली. तिला कुणी सांगितलं नसणार. आमच्याकडे चालवणारा उतरत नाही. त्याच्या शेजारी, उजवीकडे बसणाऱ्याने उतरायचं, फाटक उघडायचं, गाडी आत गेली की लावायचं आणि परत येऊन बसायचं. तारेचं फाटक म्हणजे ताणलेल्या काटेरी तारा. त्यांच्या टोकाची काठी खांबाच्या फासात अडकवलेली असते. सोडवायची तर त्या काठीला मिठी मारून खांद्याने रेटावं लागतं. आईचा खांदा कायम काळानिळा असायचा. केमो चालू असतानाही फाटक तिनेच उघडलं. बाबा स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसायचे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मी बसून राहिले. आमच्याकडे पुरुष दार उघडतात, गं. आणि..."

तिने कप खाली ठेवला.

"फास आपोआप वर सरकला. काठी सुटली. कुणीतरी ओढत न्यावं तसं ते फाटक धुळीतून घसटत बाजूला गेलं. वारा नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं."

"आणि बाबा?"

"त्याने गाडी आत घेतली. थोडं पुढे जाऊन थांबला. बोटं वाजवत. आरशात पाहिलं, तर मागे फाटक लागत होतं. मग माझ्या बाजूचं दार उघडलं... मी सरकले. मला सरकावंच लागलं. सीट दबली, पोरी. कुणीतरी माझ्या शेजारी बसलं. दार लागलं. तुझ्या बापाने गिअर टाकला."

"काही बोलले नाहीत?"

"बोलला की. ऑर्विलकडे आज बीफ असेल म्हणाला."

तिने बॅग जवळ ओढली.

"मी विचारलं, 'लाइल, फाटक कुणी उघडलं?' तर म्हणतो, 'म्हणजे काय? उघडलं ना?'"

दुसऱ्या दिवशी ऑर्विलने तिला डिलनला आणून सोडलं होतं. कॅम्पर रँचवरच ठेवून बाबा तिची समजूत घालायला मागोमाग आले. एकटेच.

"येताना फाटक कुणी उघडलं, ते मी विचारलं नाही," कोलीन म्हणाली. मग तिची बस आली.

बाबा मोटेलच्या खोलीत टीव्ही बघत होते. "उन्हात बायकांना काहीबाही दिसतं," म्हणाले. "चल, कॅम्पर आणायचाय."

कोलीनची मला दया आली नाही. तिचं म्हणणं खरं की खोटं, तेही मी ठरवत बसले नाही. पण माझी आई मेल्यावरही या माणसासाठी गाडीतून उतरत असेल, तर ते थांबायला हवं होतं. तेवढ्यासाठी मी पिकअपमध्ये उजवीकडे बसले.

बाबा वाटभर बायसनबद्दल बोलले.

फाटक आलं. बाबा थांबले.

"फाटक."

"तुम्ही उतरा."

"चालवणारा उतरत नाही."

"आज उतरेल."

"डोकं फिरलंय का तुझं? तुझी आई कधी अशी वागली नाही."

"म्हणूनच."

त्यांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवायला सुरुवात केली. मी हलले नाही. समोर नुसतं ऊन होतं.

आणि मग...

तारेचा फास किंचित वर सरकला.

मी पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी.

"आई, नको," मी ओरडले. "राहू दे!"

फास तिथेच थांबला.

"कुणाशी बोलतेस?" बाबांनी विचारलं. मग शिवी हासडून ते उतरले. दार आपटलं.

जन्म रँचवर गेलेला माणूस. पण फाटक शेवटचं स्वतः कधी उघडलं होतं, हे त्यांनाही आठवत नसावं. काठी चुकीच्या बाजूने धरली. तारेने नवा शर्ट फाडला. हॅट पडली. ते रेटत होते, शिव्या देत होते, आणि काठी तसूभरही हलत नव्हती.

माझ्या बाजूचं दार उघडलं...

मी सरकले.

सीट दबली. दार लागलं.

गारवा नाही, वास नाही. गोष्टींत असतं तसलं काहीच नाही. फक्त वजन. शेवटी शेवटी आई इतकी हलकी झाली होती की मी तिला एकटीने उचलत असे.

हे वजन हलकं नव्हतं.

समोर बाबा वाकले. एक हात छातीवर गेला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. दुसऱ्या हाताने त्यांनी तार धरली. काटेरी तार, नुसत्या हाताने.

मी त्यांच्या बाजूच्या दाराकडे झेपावले.

माझ्या गुडघ्यावर तळवा पडला. दिसला नाही. पण जीन्स दबलेली दिसत होती, पाचही बोटांखाली. जोर नव्हता त्यात. नुसती सूचना होती. बस.

मी बसले.

बाबा गुडघ्यांवर आले. आणि माझ्या शेजारी कुणीतरी हसलं...

हळू. घशातल्या घशात.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. शेवटी बाबा उठले, काठीला मिठी मारली, आणि ती सुटली. गाडी आत घेऊन ते पुन्हा उतरले, फाटक लावलं आणि परत येऊन बसले. तळहातांतून रक्त येत होतं.

"मधे का बसलीस?"

मी त्यांच्या हातांसाठी रुमाल काढला.

"आणि हसायला काय झालं होतं? बाप मरत होता तिथे."

आई माझ्यासमोर कधी तशी हसली नव्हती. मी तर हसलेच नव्हते. माझं तोंड मिटलेलं होतं. निदान मला तसं वाटतं.

या गोष्टीला वर्ष झालं. कोलीन परतली नाही. बाबांना डॉक्टरांनी जोराची कामं बंद केली आहेत, म्हणून मी दर आठवड्याला जाते आणि उजवीकडे बसते. कुठे फाटक आलं की बाबा काही म्हणत नाहीत. हात स्टिअरिंगवर ठेवून नुसते माझ्याकडे बघतात. त्यांचे ओठ निळसर झालेले असतात.

मी उतरायला जाते...

गुडघ्यावर तळवा येतो.